वृद्धांच्या घरांची दुरुस्ती आणि अनुकूलन : साहाय्याच्या वाटांचा विचार

वार्धक्याचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होतो : निर्वाहाचे साधन आणि कुटुंबातील स्थान. निवृत्तिवेतन, वृद्धाश्रम, मुलांचे कर्तव्य हे विषय सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासक्रमांत रुळलेले आहेत. परंतु ज्या चार भिंतींत वृद्ध माणसाचा बहुतेक दिवस जातो त्या घराची रचना क्वचितच अभ्यासाचा विषय होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात साठ वा अधिक वर्षे वयाची माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण त्याहून अधिक, दहा टक्क्यांच्या जवळपास होते. यांतील फार थोडे लोक संस्थांतून राहतात. बाकीचे आपापल्या घरी. त्यांना घरात काही दुरुस्ती वा फेरबदल करावयाचे झाल्यास साहाय्य कोठून मिळते, आणि मिळत नसेल तर ते नेमके कोठे अडते, हे येथे पाहावयाचे आहे.

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दुरुस्ती म्हणजे बिघडलेली वस्तू पूर्वस्थितीवर आणणे. छप्पर गळते, पायरी झिजते, नळ ठिबकतो. घर जसे होते तसे राहिलेले नसते आणि ते पुन्हा तसे करावयाचे असते. अनुकूलन ही याहून निराळी गोष्ट आहे. तेथे घर होते तसेच असते. बदललेले असते ते शरीर. गुडघा वाकेनासा झाला म्हणजे उकिडवे बसण्याचा संडास निरुपयोगी होतो, वस्तुतः संडासात कोणताही बिघाड नसतो. दृष्टी मंदावली म्हणजे चाळीस वर्षे ओलांडलेला उंबरठा अडथळा बनतो, परंतु उंबरठा काही उंच झालेला नसतो. व्यवहारात ही दोन्ही कामे एकच गवंडी करतो, म्हणून आपण ती एकाच नावाने ओळखतो. कायदा, शासकीय योजना आणि संस्थांचे नियम यांच्या दृष्टीने मात्र पहिली गोष्ट ओळखीची आहे आणि दुसरी जवळजवळ अनोळखी. साहाय्य शोधणाऱ्याची बहुतेक पायपीट या एका गोष्टीतून उद्भवते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उदाहरणादाखल एक कल्पित परंतु अगदी सामान्य परिस्थिती घेऊ. मुंबईत गिरगावातील एका जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी राहतात. जागा पागडीची. खोलीच्या कोपऱ्यात मोरी, तिला वीतभर उंचीचा कट्टा, संडास गॅलरीच्या टोकाला, सर्वांचा मिळून, जिना लाकडी. मोरीत पाय घसरून आजींच्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि वॉकर हाती देऊन त्यांना घरी पाठविण्यात आले. आता काय काय करावे लागेल? मोरीचा कट्टा उतरविणे व तेथे खडबडीत लादी बसविणे. भिंतीला आधाराची दांडी. सार्वजनिक संडासांपैकी एकात कमोड, अथवा खोलीत कमोडची खुर्ची. गॅलरीच्या कडेने धरावयास कठडा. आणि जिन्याच्या झिजलेल्या फळ्या बदलणे. कामे पाच. खर्चाच्या दृष्टीने यांतील एखादेच काम मोठे आहे. पण या पाचांपैकी प्रत्येकाचा धनी निराळा.

जिना आणि गॅलरी घरमालकाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १४ प्रमाणे, विरुद्ध करार नसेल तर, जागा राहण्यास योग्य अशा सुस्थितीत ठेवणे हे घरमालकावर बंधनकारक आहे. तो टाळाटाळ करीत असेल तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून घेता येते व तो खर्च भाड्यातून वळता करता येतो. वाचताना ही तरतूद उदार वाटते. तथापि एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये, अशी तिला मर्यादा आहे. समजा, जुन्या जागेचे भाडे महिना ३०० रुपये आहे. वर्षाचे ३,६०० होतात, आणि त्याचा चौथा हिस्सा ९०० रुपये. एवढ्यात सुताराची एका दिवसाची मजुरी कशीबशी भागेल, लाकूड निराळेच. ज्या नियंत्रणाने आजींचे छत्र टिकविले त्याच नियंत्रणाने दुरुस्तीचा हक्क आकाराने इतका लहान करून ठेवला आहे. आणि हा हक्कही दुरुस्तीपुरताच आहे. झिजलेली फळी बदला असे आजी घरमालकास म्हणू शकतात. गॅलरीला नवा कठडा लावा असे या कलमाच्या आधारे म्हणता येईल की नाही, याची शंकाच आहे.

मग स्वतःच्या खर्चाने लावला तर? येथे त्याच अधिनियमाचे कलम १६ आड येते. घरमालकाच्या लेखी संमतीवाचून भाडेकरूने जागेत कायम स्वरूपाचे बांधकाम केले तर जागेचा ताबा परत मागण्याचे ते एक कारण ठरते. मात्र कायम बांधकामात कशाची गणना करू नये हे त्या कलमाच्या स्पष्टीकरणात सांगितले आहे : लाकडी आडभिंत, स्वयंपाकघरातील उभा ओटा, दार, जाळी, वायुवीजनासाठी उघडलेली खिडकी, खोटे छत, वातानुकूलन यंत्र, धूर बाहेर नेणारे धुराडे. ही यादी बारकाईने वाचण्याजोगी आहे. तीत ओटा आहे, ही गोष्ट अभ्यासकाने सहज सोडून देऊ नये. आपल्याकडील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या बसून स्वयंपाक करीत आल्या. पुढे त्या उभ्याने करू लागल्या, आणि शहरातील प्रत्येक खोलीत ओटा आला. या बदलामुळे भाडेकरूच्या डोक्यावर ताबा जाण्याची टांगती तलवार राहू नये, एवढे भान कायद्याने ठेवले. बसण्याकडून उभे राहण्याकडे झालेले शरीराचे स्थित्यंतर कायद्यात नोंदले गेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. उकिडव्या बैठकीकडून उंच आसनाकडे होणारे स्थित्यंतर त्याच जातीचे आहे, परंतु ते यादीत नाही. आधाराची दांडीही नाही. भिंतीत चार स्क्रूंनी बसविलेली दांडी म्हणजे कायम बांधकाम असे न्यायालय म्हणेल असे मुळीच वाटत नाही. प्रश्न न्यायालय काय म्हणेल हा नाहीच. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जागा हातची जाईल की काय या भयाखाली, माणूस काय करावयास धजेल हा आहे. पागडीच्या जागेत राहणारी वृद्ध माणसे घरमालकाला पत्र लिहावयास कचरतात, कारण मिटलेले वाद पत्राने जागे होतात.

चाळ उपकरप्राप्त असेल तर आणखी एक दार आहे. मुंबई शहरातील जुन्या इमारती वरचेवर कोसळू लागल्यामुळे १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा होऊन दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाची कल्पना पुढे आली. पुढे १९७६ च्या म्हाडा अधिनियमाखाली हे काम त्या प्राधिकरणाच्या मंडळाकडे आले. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या इमारतींची बांधणीच्या कालानुसार तीन वर्गांत विभागणी करण्यात आली आहे. हे मंडळ संरचनात्मक दुरुस्ती करते : खचलेल्या तुळया, तडकलेले खांब, भार वाहणाऱ्या भिंती, छप्पर, इमारतीला जोडलेले सांडपाण्याचे नळ. इमारत उभी राहावी हा त्याचा हेतू. तो सर्वथा योग्यच आहे, आणि मंडळाने कमोड बसवावे अशी अपेक्षा येथे कोणी करीत नाही. फक्त एवढेच लक्षात घ्यावे, की जिन्याचे काम या दाराने होऊ शकते, पण तेही इमारतीच्या पाळीने. आजींच्या पाळीने नव्हे.

महानगरपालिकेचे दार मात्र लोक समजतात तितके अरुंद नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ याच्या कलम ३४२ खाली ज्यांना राहण्यायोग्य दुरुस्ती म्हटले आहे त्यांत गिलावा, रंगकाम, जमिनीच्या लाद्या बदलणे, शौचकूप व न्हाणीघर यांची दुरुस्ती, नळजोडणीची उपकरणे बदलणे ही कामे नावानिशी येतात. म्हणजे मोरीतील गुळगुळीत लादी काढून खडबडीत लादी बसविण्यासाठी परवानगीचे हेलपाटे घालण्याचे कारण नाही. ही माहिती फार थोड्या वृद्धांना असते. परवानगी लागते असे सांगून पैसे उकळणारा मध्यस्थ त्यांना आधी भेटतो.

आता चाळीतून सदनिकेत येऊ. येथे घरमालक नाही. माणूस स्वतःच्या जागेचा धनी आहे. साहाय्याचा प्रश्न सुटला असे वाटते, पण तो केवळ आपले रूप पालटतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदस्याने लेखी पूर्वपरवानगीवाचून जागेत वाढ वा फेरबदल करू नयेत. अंतर्गत दुरुस्ती त्याने स्वखर्चाने करावी. न्हाणीघरातील कट्टा वा पायरी काढावयाची म्हटले, की समितीच्या डोळ्यांपुढे एकच शब्द उभा राहतो : गळती. आणि हे भय अनाठायी नाही. आपल्या इमारतींतून न्हाणीघराच्या लाद्यांखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा घातलेला असतो. पाणी अडविण्याचे काम तो कोबा करतो. पायरी उतरविताना गवंड्याने छिन्नी थोडी खोल नेली तर तो थर फुटतो, आणि महिना-दोन महिन्यांनी खालच्या मजल्याच्या छतावर ओल उतरते. त्यातून उद्भवणारी भांडणे गृहनिर्माण संस्थांच्या रोजच्या परिचयाची आहेत. पुष्कळदा पायरी काढण्यापेक्षा बाहेरच्या बाजूने लहान उतार देणे, किंवा पायरीच्या दोन्ही अंगांना उभी दांडी लावणे शहाणपणाचे असते. त्याने कोब्याला धक्का लागत नाही आणि शेजाऱ्यालाही. हा निर्णय कोणी घ्यावयाचा? समिती म्हणते सदस्याने; सदस्य म्हणतो गवंड्याने; गवंडी म्हणतो, सांगाल तसे करू.

गवंड्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण शेवटी काम त्याच्या हातून व्हावयाचे असते. आधाराची दांडी ही टॉवेल अडकविण्याच्या दांडीसारखी दिसते आणि तशीच बसविली जाते. टॉवेलच्या दांडीला ओल्या कापडाचे वजन सोसावयाचे असते. आधाराच्या दांडीला तोल गेलेल्या माणसाचे, तेही एका झटक्यात. खिळ्याची पकड लादी व गिलावा यांतच राहिली तर ती त्या क्षणी निघून येते. पकड विटेत पोचली पाहिजे. जुन्या चाळींत आडभिंत पुष्कळदा लाकडी फळ्यांची असते. तेथे दांडी आतल्या उभ्या खांबाला धरून लावावी लागते. नव्या मनोऱ्यांतून हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंती असतात. त्यांत साधी प्लॅस्टिकची गिट्टी टिकत नाही, आरपार बोल्ट घालून मागे पट्टी द्यावी लागते. दांडीची जाडी मुठीत मावेल अशी, सुमारे चार सेंटिमीटर. भिंतीपासून अंतर पाचेक सेंटिमीटर, म्हणजे हात घसरला तरी मनगट मागे अडकत नाही. उंची मात्र पुस्तकातून घेऊ नये. ती त्या माणसाला कमोडवर बसवून, उठावयास सांगून, त्याचा हात आपोआप जेथे जातो तेथे खडूने खूण करून ठरवावी. चांगला गवंडी हे सांगितल्यावर लगेच समजतो. परंतु त्याला ते सांगणारा कोणीतरी हवा.

वृद्धांसाठी म्हणून ज्या शासकीय योजना आहेत त्यांचा कल शरीराकडे आहे, घराकडे नाही. केंद्र शासनाची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये सुरू झाली. तीतून अल्प उत्पन्नाच्या वृद्धांना काठ्या, वॉकर, चाकांची खुर्ची, श्रवणयंत्र, कवळी, चष्मा अशी साधने देण्यात आली. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली : पासष्ट वर्षांवरील व कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असणाऱ्यांस एकरकमी ३,००० रुपये थेट बँक खात्यात, साधने घेण्यासाठी. या साधनांच्या यादीत कमोडची खुर्ची आहे. घराच्या सर्वांत जवळ येणारी वस्तू हीच. भिंत, जमीन, दार यांना स्पर्श करणारे काही तीत नाही. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याण अधिनियमात निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवास, वैद्यकीय उपचार येतात. निवास राहण्यालायक करून देणे त्यात येते असा अर्थ लावता येईल, परंतु त्यासाठी मुलांविरुद्ध न्यायाधिकरणात अर्ज करणे भाग पडते, आणि एका दांडीसाठी तेथवर कोण जाईल? एल्डर लाइनच्या १४५६७ या क्रमांकावर माहिती व मार्गदर्शन मिळते. विचारणे केव्हाही हितावह. पण मार्ग दाखविणाऱ्यालाही मार्ग असावा लागतो.

खेड्यांविषयी थोडक्यात. तेथे घर बहुधा स्वतःचे असते, परवानग्यांचा जाच कमी, गवंडी गावातला. स्वच्छ भारत अभियानात पात्र ग्रामीण कुटुंबास शौचालयासाठी १२,००० रुपये देण्यात आले. त्यातून उभी राहिलेली शौचालये सामान्यतः उकिडवी बैठक असलेली आहेत, आणि घरापासून चार पावले दूर. शहरी आवास योजनेच्या २०१५ च्या स्वरूपात जुन्या घराच्या वाढीस साहाय्य होते, परंतु किमान ९ चौरस मीटर चटईक्षेत्र वाढले पाहिजे अशी अट होती. घर मोठे करण्यास शासनाचा हात होता. आहे तेवढेच घर सोपे करण्यास नव्हता.

येथे कोणी विचारील की हे सारे एवढे महत्त्वाचे आहे काय? घरातील फेरबदलांनी पडण्याचे प्रमाण खरोखर घटते काय? या प्रश्नावर चांगला पुरावा उपलब्ध आहे. न्यूझीलंडमधील तारानाकी भागात ८४२ कुटुंबांवर झालेली एक चाचणी २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. जिन्यांना कठडे, न्हाणीघरात दांड्या, बाहेर दिवे, पायऱ्यांच्या कडा स्पष्ट करणे असे साधे फेरबदल यदृच्छेने निवडलेल्या काही घरांत आधी आणि उरलेल्यांत नंतर करण्यात आले. पहिल्या गटात पडण्यामुळे उपचार घ्यावे लागलेल्या इजा २६ टक्क्यांनी कमी आढळल्या. २०२३ च्या कॉक्रेन पुनर्विलोकनाचा निष्कर्ष आपल्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. घरातील धोके कमी केल्याने पडण्याचे प्रमाण एकूण २६ टक्क्यांनी घटते. परंतु ज्यांना पडण्याचा धोका अधिक आहे अशांची निवड करून काम केले तर घट ३८ टक्के, आणि निवड न करता सरसकट केले तर लाभ जवळजवळ दिसत नाही. याचा अर्थ असा की दांडी हा उपाय नव्हे; योग्य माणसाच्या घरी, योग्य जागी लावलेली दांडी हा उपाय आहे. म्हणून सर्व वृद्धांना सारखी साधने वाटण्याच्या योजना या बाबतीत फारशा कामी येणार नाहीत. कोणीतरी घरी जाऊन माणूस आणि घर एकत्र पाहिले पाहिजे.

परदेशांत ज्या व्यवस्था टिकल्या त्यांत हा पाहणारा माणूस मध्यभागी आहे, असे दिसून येते. जपानमध्ये १९९७ साली दीर्घकालीन शुश्रूषा विम्याचा कायदा झाला व एप्रिल २००० पासून तो अमलात आला. त्याखाली शुश्रूषेची गरज प्रमाणित झालेल्या व्यक्तीस घराच्या फेरबदलांसाठी दोन लाख येनपर्यंतच्या खर्चावर साहाय्य मिळते; उत्पन्नानुसार दहा, वीस वा तीस टक्के भाग तिने सोसावयाचा. कोणती कामे चालतील हेही ठरलेले आहे : आधाराच्या दांड्या, जमिनीतील उंचसखलपणा काढणे, घसरणार नाही अशी जमीन, सरकती दारे, उकिडव्या बैठकीच्या जागी उंच आसनाचे शौचकूप, आणि या कामांना जोडून येणारी कामे. यांतील पाचवे काम वाचून मराठी वाचकास घर आठवेल. जपानी वृद्धांची अडचण आपल्या अडचणीची सख्खी बहीण आहे. मात्र खरी कळ रकमेत नाही. ती अर्जासोबत जोडावयाच्या एका कागदात आहे, ज्यास कारणपत्र म्हणता येईल. शुश्रूषेचे नियोजन करणारा कार्यकर्ता वा तत्सम जाणकार घरी जातो आणि ही व्यक्ती कोणत्या हालचालीत अडते, कोणत्या बदलाने ती अडचण दूर होईल, हे लिहून देतो. २००६ पासून हा कागद, अंदाजपत्रक व आधीची छायाचित्रे काम सुरू करण्यापूर्वी द्यावी लागतात. जागा भाड्याची असल्यास मालकाची लेखी संमतीही.

इंग्लंडमध्ये अपंगांच्या सोयीसाठीचे गृह-अनुदान १९९० पासून आहे. सध्याचे त्याचे स्वरूप १९९६ च्या कायद्यावर आधारलेले असून कमाल मर्यादा ३०,००० पौंड आहे. या कायद्याने दोन कसोट्या लावल्या आहेत. काम त्या व्यक्तीच्या दृष्टीने आवश्यक व समुचित असले पाहिजे. आणि त्या वास्तूचे वय व स्थिती पाहता ते वाजवी व शक्य असले पाहिजे. पहिली कसोटी माणूस पाहते, दुसरी घर. पहिलीचे उत्तर बहुधा व्यवसायोपचारतज्ज्ञाकडून येते, दुसरीचे गृहनिर्माण खात्याकडून. १,००० पौंडांपर्यंतची किरकोळ अनुकूलने तर गरज ठरल्यावर विनामूल्य करून देण्याचे बंधन स्थानिक संस्थांवर आहे. भाडेकरूने अपंगत्वामुळे सुधारणा करू म्हटल्यास घरमालकाने अवाजवीपणे संमती नाकारू नये, अशी तरतूद २०१० च्या समता कायद्यात आहे. आपल्या कलम १६ च्या यादीशेजारी ती ठेवून पाहावी. या व्यवस्थेतही विलंब पुष्कळ होतो, आणि गावागावांत फरक पडतो. तिचे गुणगान करण्याचा हेतू नाही. सांगावयाचे ते इतकेच, की तेथे अर्जदाराला गवंड्यापर्यंत एकट्याने जावे लागत नाही.

मग महाराष्ट्रात असा माणूस नाही काय? आहे, आणि पाऊणशे वर्षांपासून आहे. आशियातील व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय १९५० मध्ये मुंबईतच, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, कमलाबाई निंबकर यांच्या पुढाकाराने सुरू झाले; १९५२ मध्ये या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. शरीराची क्षीण झालेली हालचाल आणि रोजची कामे यांचा मेळ घालणे हाच या शास्त्राचा गाभा आहे. परंतु आपल्याकडे ते रुग्णालयाच्या आवारात वाढले. रुग्णालयातून घरी जाताना आजींना वॉकर कसा धरावा हे शिकविले जाते. मोरीचा कट्टा किती उंच आहे, हे विचारलेच जाईल असे नाही. विचारले तरी उत्तराचे पुढे काय करावे याची वाट आखलेली नाही. तज्ज्ञ आहे, गवंडी आहे, थोडाफार पैसाही आहे. एकाचा कागद दुसऱ्याच्या हाती पडत नाही, इतकेच.

आजच्या स्थितीत एखाद्या कुटुंबास साहाय्य शोधावयाचे असेल तर क्रम उलटा धरावा, असे सुचवावेसे वाटते. लोक आधी गवंडी गाठतात आणि अडचण आली म्हणजे कागद शोधतात. त्याऐवजी रुग्णालयातून निघण्यापूर्वीच व्यवसायोपचारतज्ज्ञास मोरी, संडास, पलंग, उंबरठा यांची मापे व छायाचित्रे दाखवून काय बदलावे ते लिहून घ्यावे. हा लेखी सल्ला हाती असला म्हणजे गृहनिर्माण संस्थेची परवानगी मागताना तो केवळ हौसेचा फेरबदल राहत नाही. घरमालकास लिहावयाचे असेल तर दुरुस्तीची मागणी व स्वखर्चाच्या दांडीसाठी संमती ही दोन निराळी पत्रे करावीत. एकाच पत्रात दोन्ही घातल्यास पहिल्याच्या वादात दुसरे अडकते. काढून नेता येईल असे साधन प्रथम वापरून पाहावे : कमोडची खुर्ची, न्हाणीतील पाठीचे स्टूल, पलंगाच्या पायांखालचे ठोकळे. यांना कोणाचीच संमती लागत नाही. भिंत फोडण्याची वेळ येईल तेव्हा गवंड्याला पैसे देण्यापूर्वी त्याच्यासमोर दांडीला पूर्ण वजनानिशी लोंबकळून पाहावे. हा सल्ला शास्त्रीय वाटणार नाही, पण तो न पाळल्यामुळे निखळलेल्या दांड्या पुष्कळ आहेत.

अभ्यासकांसाठी येथे कामाला भरपूर जागा आहे. कलम १६ च्या यादीत आधाराची दांडी व उंच आसनाचे शौचकूप यांची भर घालण्यास विधिदृष्ट्या काय अडचण आहे, हा कायद्याच्या विद्यार्थ्याचा विषय होऊ शकेल. रुग्णालयातून सुटल्यानंतर तीन महिन्यांत किती घरांत एखादा तरी फेरबदल होतो, आणि तो कोणाच्या सांगण्यावरून होतो, हे समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यात एका वॉर्डापुरते सहज पाहता येईल. पाहणीच्या पत्रिकेत खोल्यांची संख्या व उत्पन्न यांचे रकाने असतातच. त्यांशेजारी मोरीच्या कट्ट्याची उंची, पायऱ्यांची उंची आणि संडासाच्या दाराची निव्वळ रुंदी यांचे रकाने असावेत. जुन्या चाळींतून हे दार दोन फुटांच्या आसपास असते आणि वॉकरही जवळजवळ तेवढाच रुंद. तो आत जात नाही म्हणून दाराशी ठेवावा लागतो, आणि उरलेली दोन-तीन पावले भिंतीला धरून टाकावी लागतात. त्या पावलांचे अंतरही फीत लावून मोजावे, आणि तेथे धरावयास काय आहे ते लिहावे.